'कन्यादान' : प्रायश्चित्ताविना अपराधभाव

विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान' (१९८३) या नाटकाची चर्चा प्रामुख्याने त्यातील दलित तरुणाच्या चित्रणाभोवती झाली. त्या चित्रणावरील आक्षेप गंभीर आहेत. परंतु त्यांच्या गदारोळात नाटकाचे एक मूलभूत सूत्र, इहवादी माणसाचा अपराधभाव, दुर्लक्षित राहिले.

नाथ देवळालीकरांची नीती धर्मावर नव्हे, समाजवादी मूल्यांवर उभी आहे. ज्योतीच्या अरुण आठवलेशी होणाऱ्या विवाहात त्यांना या मूल्यांचे साफल्य दिसते. पुढे ती मारहाण सोसते आणि त्यांची श्रद्धा ढासळते. धार्मिक माणसाला अशा वेळी प्रायश्चित्ताचा विधी उपलब्ध असतो : कबुली, दंड, शुद्धी. नाथांजवळ केवळ व्यासपीठ आहे. ज्योतीच्या हितासाठी म्हणून ते अरुणच्या आत्मचरित्राची जाहीर स्तुती करतात, आणि मूळ अपराधात असत्याची भर पडते. अरुणचा पश्चात्तापही पुन्हा हिंसेतच विरतो.

ईश्वर वजा केला की क्षमेचा अधिकार अन्याय सोसणाऱ्याकडेच उरतो. ज्योती तो वापरत नाही. वडिलांच्या भाषणातील दांभिकता उघडी पाडून ती अरुणकडेच परतते. त्यांचीच शिकवण त्यांच्याविरुद्ध जगून दाखवते. नाथांच्या अपराधभावाला उतारा मिळत नाही. त्याची किंमत मात्र मुलीचा देह मोजतो. नाटकाचे शीर्षक येथे अन्वर्थक ठरते : विधी नाकारलेल्या घरातही दान घडते, आणि दिलेले परत घेता येत नाही.