घसरत्या शेअरमधील अल्पकालीन व्यवहार : मार्गदर्शनपर लेखनाची एक चिकित्सा

शेअर बाजारावरील मार्गदर्शनपर लेखन मराठीत आता विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. त्यातील, भाव घसरत असलेल्या शेअरमध्ये अल्पकालीन व्यवहार कसे करावेत हे शिकविणारा भाग स्वतंत्र चिकित्सेस पात्र आहे. त्याचे वाचक प्रामुख्याने पगारदार व विद्यार्थी असून पणाला लागते ती त्यांची बचत.

या लेखनातील नियम थोडेच आहेत. तात्पुरती उसळी येताच विक्री करून खालच्या भावाला परत खरेदी करावी. किंवा आधारपातळीजवळ खरेदी करून उसळीत बाहेर पडावे. आणि दोन्ही प्रसंगी ‘स्टॉप लॉस’ लावावा. तत्त्वतः यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो उदाहरणांच्या निवडीवर. ती पूर्ण झालेल्या आलेखांतून घेतलेली असतात, आणि आलेख पूर्ण झाल्यावर कोणती उसळी फसवी होती हे शाळकरी मुलासही दाखविता येते.

सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मेटास कंपन्यांच्या खरेदीचा प्रस्ताव फसल्यानंतर १७ डिसेंबर २००८ रोजी हा शेअर सुमारे ३० टक्क्यांनी कोसळला. पुढे आणखी घसरून तो सावरला आणि ६ जानेवारी २००९ रोजी १७९ रुपयांच्या आसपास बंद झाला. आधारपातळीजवळ खरेदी करणाऱ्याचा नियम येथवर अचूक ठरतो. पुस्तकातील आलेख येथेच थांबवला तर तो आदर्श धडा होईल. दुसऱ्याच दिवशी, बाजार चालू असतानाच, हिशेबातील अफरातफरीची कबुली देणारे अध्यक्षांचे पत्र जाहीर झाले व शेअर ४० रुपयांच्या खाली बंद झाला. अशा वेळी ‘स्टॉप लॉस’ केवळ विक्रीचा आदेश जागा करतो. ठरवलेल्या भावाला घेणारा मिळेलच याची हमी तो देत नाही. ही मर्यादा बहुतेक लेखक एका वाक्यात उरकतात.

मंदीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्याचा अनुभवही वेगळा नाही. लोकसभेच्या निकालानंतर १८ मे २००९ रोजी सेन्सेक्स १७ टक्क्यांहून अधिक उसळला, वरचे सर्किट लागले आणि दिवसभराचे व्यवहार स्थगित झाले. फ्युचर्समध्ये विक्री करून बसलेल्यास तोटा दिसत होता, पण बाहेर पडण्यास बाजारच उघडा नव्हता. रोख बाजारात तर हाती शेअर नसताना विक्री करणाऱ्या सामान्य ग्राहकास त्याच दिवशी परत खरेदी करावी लागते. शेअरला वरचे सर्किट लागून विकणारा मिळाला नाही, तर व्यवहार लिलावात जातो व फरक विक्रेत्याच्या माथी बसतो. अनेक दिवस चालणारी घसरण ओळखण्याचे कौशल्य आणि सायंकाळच्या आत व्यवहार मिटविण्याची सक्ती यांचा मेळ कसा घालावा, याचे उत्तर आलेखात नसते.

उरतो खर्चाचा प्रश्न, आणि तो सर्वांत गंभीर आहे. दलाली, रोखे व्यवहार कर, मुद्रांक शुल्क हे प्रत्येक फेरीत कापले जातात. व्यवहार जितके अल्पकालीन तितक्या फेऱ्या अधिक. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये रोख बाजारात त्याच दिवशी खरेदी-विक्री करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांपैकी ७१ टक्के तोट्यात होते. वर्षात ५०० हून अधिक व्यवहार करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. तोट्यातील ग्राहकांनी त्या तोट्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम व्यवहारखर्चापोटी वेगळीच मोजली. सरावाने हात बसतो, हे या लेखनाचे मूळ गृहीतक. आकडे त्याच्या उलट दिशेला बोट दाखवितात.

याच अभ्यासात तिशीच्या आतील ग्राहकांचा वाटा २०१८-१९ मधील १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेल्याचे, व त्यांच्यापैकी ७६ टक्के तोट्यात असल्याचे आढळते. हा आपल्या वर्गांतून नुकताच बाहेर पडलेला, क्वचित अजून वर्गातच बसलेला तरुण होय. वाणिज्य शाखेत आपण त्याला चलत सरासरी काढावयास शिकवितो. दलालाचे काँट्रॅक्ट नोट वाचावयास मात्र शिकवीत नाही.