परीक्षा नेमकी कोणाची झाली?

आज ज्या उपायाची चिकित्सा आम्ही करणार आहोत तो प्रोग्रॅमरांच्या रोजच्या कामातला आहे, पण प्रश्न मात्र आपल्या जुन्या प्रमाणशास्त्राचा आहे.

जावास्क्रिप्टमध्ये एका फाइलने दुसरीतून काही मागवण्याच्या दोन रीती आहेत. 2009 साली आलेल्या नोडने कॉमनजेएसची 'रिक्वायर' ही रीत घेतली. 2015 च्या प्रमाणित आवृत्तीत 'इम्पोर्ट' आणि 'एक्स्पोर्ट' आले. दोन्ही आजही नांदतात, आणि भांडण उठतं ते चाचणीच्या वेळी.

जेस्ट हे चाचणीचं साधन आपल्या फाइली बेबलकडून 'रिक्वायर'च्या भाषेत उतरवून घेतं. 'नोड मॉड्यूल्स'मधल्या परक्या लायब्रऱ्यांना मात्र ते मुळात हात लावत नाही. मग लोडॅश-ईएससारखी लायब्ररी जशीच्या तशी समोर येते आणि 'कॅनॉट यूज इम्पोर्ट स्टेटमेंट आउटसाइड अ मॉड्यूल' असा संदेश झळकतो. प्रोग्रॅमर बिचारा स्वतःच्या कोडात चूक शोधत बसतो. चूक तिथे नसतेच.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'मॉड्यूल नेम मॅपर': मागितली एक प्रत, हाती दिली दुसरी. लोडॅश-ईएसच्या जागी लोडॅश दिलं तर धोका थोडा, कारण मूळ कोड एकच. पण अ‍ॅक्सिओसचं काय? त्यात ब्राउझरची बांधणी वेगळी, नोडची वेगळी. नोडची प्रत जोडून चाचणी हिरवी केली, तर ग्राहकाच्या ब्राउझरात चालणारी प्रत तपासली कोणी?

नैयायिक याला स्वरूपासिद्ध हेतू म्हणतील. 'शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो', हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. दिसणं हा धर्म शब्दात नाहीच! तसंच इथे. 'चाचणीत उतरणं' हा हेतू ज्या प्रतीत आहे, ती आपल्या अनुमानाचा पक्षच नव्हे. लायब्ररीची नक्कल, म्हणजे मॉक, लावली तर आपला कोड तपासला जातो हे खरं. पण लायब्ररीशी त्याचं जुळतं का, याची साक्ष मिळत नाही.

आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो तो दुसरा मार्ग: 'ट्रान्सफॉर्म इग्नोअर पॅटर्न्स'मध्ये त्या लायब्ररीचा अपवाद करून तिचंही भाषांतर करवणं. वस्तू तीच राहते, वेष बदलतो. इथे दोन खाचखळगे आहेत. यादीतला कुठलाही एक नमुना जुळला की फाइल वगळली जाते; म्हणून सगळे अपवाद एकाच नमुन्यात लिहावेत, वेगवेगळे लिहिले तर ते एकमेकांना मारतात. आणि 'बेबलआरसी'ची सत्ता आपल्याच पॅकेजापुरती; परक्या लायब्ररीपर्यंत पोचायला 'बेबल कॉन्फिग' ही फाइल लागते.

'इम्पोर्ट' जसंच्या तसं चालवण्याचा तिसरा मार्गही आहे. जेस्टमध्ये तो प्रायोगिक आहे आणि मॉक करण्याची नेहमीची रीत तिथे चालत नाही. नवा प्रकल्प असेल तर जरूर विचार करावा. जुन्यात मात्र बऱ्याच चाचण्या पुन्हा लिहाव्या लागतील.

आमचा आक्षेप मॅपरवर नाही, त्याच्या मुकाट वापरावर आहे. बदली प्रत लावलीच, तर का लावली हे शेजारी एका ओळीत लिहा आणि खऱ्या ब्राउझरात एक तरी चाचणी चालवा. हिरवी खूण ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराने नेमकं कोणाला पाहिलं हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.