लाकातोश यांचा वर्ग आणि आपला वर्ग

पदवीच्या विद्यार्थ्याला 'हे सिद्ध करा' म्हटले की तो वही उघडतो. 'येथे सिद्ध करण्याजोगे काय आहे?' असे विचारले की गप्प बसतो. हे गप्प बसणे समजून घ्यायचे, तर इम्रे लाकातोश यांचे 'प्रूफ्स अँड रेफ्यूटेशन्स' चाळायला हवे. १९६३-६४ मध्ये लेखरूपाने आलेले हे लिखाण लेखकाच्या मृत्यूनंतर, १९७६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले.

पुस्तकात एक काल्पनिक वर्ग भरला आहे. विषय ऑयलरच्या सूत्राचा: बहुफलकाच्या शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून पृष्ठांची संख्या मिळवली, की उत्तर २. घनासाठी ८ − १२ + ६. शिक्षक कोशीची सिद्धता मांडतात आणि विद्यार्थी तिच्यावर तुटून पडतात. घनाच्या पोटात घनाकार पोकळी कल्पिली, तर १६ − २४ + १२, म्हणजे ४! एक विद्यार्थी म्हणतो, हा बहुफलकच नव्हे. आणि व्याख्या बदलतो. (आपल्या पाठ्यपुस्तकांत व्याख्या पहिल्या ओळीत असते, येथे ती भांडणातून निघते.)

पुस्तकाची वाहवा होते ती यासाठी. माझी तक्रार वेगळी आहे. सूत्र मुळात सुचले कसे, हे लाकातोश आरंभीच उरकून टाकतात: बरेच चाचपडल्यावर वर्गाला ते दिसले, एवढेच. आपला विद्यार्थी अडतो तो नेमका त्या चाचपडण्यात. शिवाय या वर्गातील मुले बहुधा जुन्या गणितज्ञांचीच मते बोलतात, हे तळटीपांवरून उघड होते. खऱ्या विद्यार्थ्यांच्या विचारांची ती नोंद नव्हे.

पुढे मात्र झीटा नावाचा विद्यार्थी बहुभुजापासून निघतो. बहुभुजात शिरोबिंदू आणि कडा सारख्याच; एक पृष्ठ धरले की उत्तर १. कडेला कड लावून दुसरा बहुभुज जोडा. नव्या कडा नव्या शिरोबिंदूंपेक्षा एकाने जास्त, पण पृष्ठही एक वाढले. उत्तर १ च. शेवटचे झाकण बसवताना मात्र नवी कड नाही, नवा शिरोबिंदू नाही, वाढते फक्त पृष्ठ. झाले २! सूत्र आणि सिद्धता एकदमच हाती येतात. माझ्या मते पुस्तकातील ही पाने शिक्षकाला सर्वांत उपयोगी.

पुठ्ठ्याचे सहा चौरस आणि चिकटपट्टी पुरे. पहिला चौरस ४ − ४ + १, दुसरा जोडल्यावर ६ − ७ + २. सूत्र आधी सांगू नये. घन पुरा झाला, की कोपरे तिरपे जोडलेली तसबिरीची चौकट पुढे ठेवावी. तेथे १६ − ३२ + १६, म्हणजे ०. कोणता तुकडा जोडताना हिशेब फिरला, ते विद्यार्थ्यांनी शोधावे.