वंशावळ की कैफियत? तंजावरच्या भिंतीवरील भोसलेवंश

कशेळ्याहून आंबिवलीकडे निघाले की कोथळीगडाचा सुळका दिसू लागतो. संभाजीराजांच्या ताब्यातला हा गड १६८४ मध्ये मोगलांनी घेतला. त्याच वर्षी दूर कावेरीकाठी, तंजावरच्या गादीवर त्यांचे चुलतभाऊ, व्यंकोजींचे पुत्र शहाजी बसले. मराठी आणि तेलुगू नाटककार म्हणूनही त्यांची ओळख आहे. (संभाजीराजांच्या नावावरही ‘बुधभूषण’ आहे, हे विसरून चालणार नाही.) आजोबा एकच, मुलूख मात्र दोन.

या तंजावरी शाखेने आपला इतिहास बृहदीश्वराच्या देवळात, १८०३ मध्ये, मराठीत कोरून ठेवला. ‘भोसलेवंशचरित्र’ म्हणून तो ओळखला जातो. त्यातल्या जुन्या भागावर विसंबता येत नाही, असे म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. हे वाचनच मला अपुरे वाटते.

शिलालेख कोरवून घेणारे सरफोजी दुसरे हे दत्तक. तुळजाराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले. पण राजांच्या मागे सावत्रभाऊ अमरसिंह गादीवर आले. दत्तविधान अशास्त्रीय ठरवले गेले, पुढे पंडितांना पुन्हा विचारून तेच सशास्त्र ठरले! १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने कारभार कंपनीकडे गेला.

आमच्याकडे भाऊबंदकी तलाठ्याच्या चावडीपर्यंत गेली की खापरपणजोबांची नावे आठवू लागतात. वारसनोंद लागेपर्यंत घरातला प्रत्येक जण वंशावळीचा जाणकार असतो. हा शिलालेख तसाच वाचावा. मूळ पुरुषांपासून सरफोजींपर्यंत आणलेली ती नावांची साखळी म्हणजे दगडावरचा फेरफार आहे. भोवती तमिळ बोलणारे भाविक, अक्षरे बाळबोध, भाषा बखरीच्या वळणाची. देवळात येणाऱ्या किती जणांना ती वाचता येणार होती? पण रक्ताने लांबच्या झालेल्या वारसाला घराण्याची भाषा तरी सोडून चालणार नव्हते. बखर म्हणून हा मजकूर मला अनेक ठिकाणी रुक्ष वाटतो. कैफियत म्हणून त्यातली निकड जाणवते.

साताऱ्याची गादी १८४८ मध्ये, दत्तक घेतलेला असूनही, खालसा झाली. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले आणि तंजावरही गेले. त्यांच्या राणी कामाक्षीबाई खासगी मालमत्तेसाठी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. तिथे त्या जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला.