स्तुतीच्या ओव्या आणि बाकीचं ‘ख्रिस्तपुराण’

मराठी भाषा दिन कुठल्याही मंडळाचा असो, सूत्रसंचालनात फादर थॉमस स्टीफन्स यायचेच. परदेशी माणसाने केलेली मराठीची स्तुती, शाळेत पाठ केलेल्या दोन-चार ओव्या, टाळ्या, की पुढचा कार्यक्रम. मीही एके वर्षी हेच केलं. पुढे ‘ख्रिस्तपुराण’ वाचायला घेतलं तेव्हा जाणवलं, की त्या चार ओव्यांत आपण एक मोठा आणि अडचणीत टाकणारा ग्रंथ गुंडाळून ठेवला आहे.

मठात राहून प्रार्थना करणारे आणि पोथ्यांच्या नकला काढणारे साधू ही मध्ययुगीन युरोपची ओळख. स्टीफन्स त्यानंतरच्या काळातले, सोळाव्या शतकात निघालेल्या जेझुइट संघाचे. मठात बसायचं नाही, जगभर जायचं आणि तिथली भाषा शिकायची, ही त्यांची रीत. साधारण 1549 साली इंग्लंडच्या विल्टशरमध्ये त्यांचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणं धोक्याचं होतं. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांची कित्येक वर्षं तुरुंगात गेली. स्टीफन्स रोमला जाऊन 1575 मध्ये जेझुइट झाले, 1579 मध्ये गोव्याला पोचले आणि 1619 मध्ये तिथेच वारले. चाळीस वर्षांत ते मायदेशी परत गेले नाहीत.

‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली साष्टीतल्या रायतूर इथे छापलं गेलं. ओव्या सुमारे 11 हजार. पहिल्या पुराणात बायबलचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. पण हे भाषांतर नव्हे. आपल्या ग्रंथांसारखं सुरुवातीला नमन आहे, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं आहे, आणि ओवीची चाल एकनाथांच्या वाचकाला परकी वाटू नये अशी आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती 1584 साली, म्हणजे स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते त्याच सुमारास. निव्वळ मराठी सामान्य लोकांना जड जाईल म्हणून त्यात कोकणी शब्द मिसळले, असं ते प्रस्तावनेत सांगतात. आपल्या पांडित्यापेक्षा ऐकणाऱ्याची सोय त्यांनी मोठी मानली. म्हणूनच हा ग्रंथ देवळात आणि घरात गायला गेला आणि गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला. काव्य म्हणून माझ्या लेखी याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

आता अडचणीची बाजू. हे पुराण लिहायची गरज का पडली? नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं बंद करण्यात आली होती. त्यांच्या जागी वाचायला काहीतरी हवं होतं. साष्टीतली देवळं पाडली गेली ती 1567 मध्ये, स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षं आधी. इन्क्विझिशन 1560 पासून बसलेलंच होतं. आज आपण सुट्टीत गोव्याला गेलो की प्रियोळच्या मंगेशीला जातो. तो देव मूळचा कुठ्ठाळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. आपल्यापैकी अनेकांची ही कुलदैवतं. रातोरात नदीपार नेल्याच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. 1583 मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यानंतर बोलणी करायला म्हणून गावच्या पुढाऱ्यांना बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची कत्तल केली.

स्वतःचा धर्म बंदीत पडला म्हणून ज्याने देश सोडला, तो दुसऱ्यांचा धर्म बंदीत टाकणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने लिहीत होता. ही विसंगती त्यांना टोचली असेल का? ग्रंथात तरी तसं दिसत नाही. मूर्तिपूजेची निंदा मात्र आहे. मला तो ग्रंथाचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. परक्या भाषेवर इतकं प्रेम करणारा कवी, त्याच भाषेतल्या भक्तीपुढे मात्र कान बंद करतो.

म्हणून ग्रंथ टाकून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. एक गोष्ट सांगतो. पहिल्या आवृत्त्या रोमन लिपीत निघाल्या, कारण देशी लिपीचे खिळे नव्हते. तशी छपाई करता यावी म्हणून स्टीफन्सनी 1608 मध्ये रोमला पत्र लिहिलं होतं. पुढे लंडनच्या एका संग्रहात या पुराणाची देवनागरी प्रत असल्याकडे 1923 मध्ये अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते जस्टिन अॅबट यांनी. हे अमेरिकन मराठी मिशनचे निवृत्त मिशनरी. त्यांचं वास्तव्य न्यू जर्सीतल्या समिट गावी. धर्मप्रचारासाठी महाराष्ट्रात गेलेला हा माणूस उतारवयात एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई इंग्रजीत आणत बसला होता. स्टीफन्सनी जिथे कान बंद केले, तिथे अॅबट ऐकत राहिले. आपल्यापैकी किती जण समिटवरून रोज ट्रेनने जातात!

आपल्या गणपतीत आरतीचे कागद मुलांसाठी आपण रोमन लिपीत छापतो, ते वाईट म्हणून नव्हे, गरज म्हणून. स्टीफन्सनीही तेच केलं. फरक इतकाच, की त्यांनी त्या लिपीत 11 हजार ओव्या दिल्या. आपण पाच आरत्यांवर थांबतो.

तेव्हा पुढच्या भाषा दिनाला एक सूचना. स्तुतीच्या त्या ओव्या जरूर म्हणू या. पण त्यांच्या पाठोपाठ येशूजन्माचा एखादा प्रसंग वाचू या आणि कुंकळ्ळीचीही हकिगत मुलांना सांगू या. त्यांना प्रश्न पडतील, आपल्याला सगळ्यांची उत्तरं येणार नाहीत. न येवोत. नुसत्या टाळ्या घेऊन पुढच्या कार्यक्रमाकडे वळण्यापेक्षा ते बरं.