लपवणं, फसवणं आणि परिणाम : बाबा पदमनजींची दोन पुस्तकं वाचताना

पेटची किंवा सेटची तयारी करताना एकोणिसाव्या शतकातलं मराठी ख्रिस्ती वाङ्मय आपण बहुतेक वेळा चार ओळींत उरकतो. 'खोटेपणा हे पाप, पापाला शिक्षा, मग पश्चात्ताप आणि धर्मांतर' असा साचा ठरलेला असतो. परीक्षेपुरता तो चालतो, पण संशोधनाचा विषय मांडताना अडचण करतो. कारण ख्रिस्ती विचारात फसवणुकीचा परिणाम म्हणजे फक्त शिक्षा नव्हे.

बायबलमधल्या दोन कथा शेजारी ठेवून बघा. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं जमीन विकतं, थोडे पैसे मागे ठेवतं आणि सगळे दिल्याचा आव आणतं. दोघंही जागीच मरतात. पेत्राचा आक्षेप मात्र पैसे ठेवण्याला नाही. जमीन तुमची होती, पैसेही तुमचेच होते, मग खोटं का बोललात, असं तो विचारतो. दुसरी कथा याकोबाची. आंधळ्या बापाला फसवण्यासाठी तो हातांना बकऱ्याचं कातडं बांधून भावाचा आशीर्वाद घेतो. पुढे सासरा लाबान त्याला राहेलीऐवजी लेआ देऊन फसवतो. म्हातारपणी त्याचीच मुलं योसेफाचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे आणतात. 'ही शिक्षा आहे' असं निवेदक कुठेही म्हणत नाही. फसवणूक घरात शिरते आणि तिथेच मुक्काम करते, एवढंच दिसतं.

पहिल्या कथेत परिणाम बाहेरून कोसळतो, दुसऱ्या कथेत तो नात्यांमधून फिरत राहतो. ही दोन प्रारूपं मनात ठेवून बाबा पदमनजींकडे येऊ.

बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. १८५७ मध्ये त्यांचं 'यमुनापर्यटन' आलं आणि १८८८ मध्ये 'अरुणोदय' हे आत्मचरित्र. दोन्हींत लपवाछपवी आहे, पण तिच्याकडे पाहण्याची नजर वेगळी आहे.

'यमुनापर्यटन' विधवांच्या स्थितीचं निरूपण करतं. त्यातल्या बायका बरंच काही लपवतात. कादंबरीचा रोख मात्र त्यांच्यावर नाही. केशवपन करणारं, पुनर्विवाह नाकारणारं आणि तरीही घराण्याची अब्रू त्या बाईवरच टांगणारं घर लपवणं सक्तीचं करतं, हे लेखक दाखवतो. इथे लपवणारी वेगळी आणि फसवणारे वेगळे. परिणाम मात्र पहिलीच भोगते.

आता 'अरुणोदय' घ्या. त्यात परमहंस मंडळीची हकिगत येते. १८४९ च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या या मंडळीचे सभासद जातिभेद मानत नसत, पण तो मोडायचे गुपचूप, बंद दाराआड. बाबा स्वतः त्या मंडळीत होते, म्हणून त्यांची साक्ष मोलाची आहे. १८६० मध्ये मंडळीची कागदपत्रं चोरीला गेली, नावं उघड होण्याची धास्ती पसरली आणि मंडळी विस्कटली. 'बघा, दुटप्पीपणाचं फळ!' असं म्हणण्याचा मोह इथे होतो.

माझा आक्षेप नेमका या वाचनाला आहे. आत्मचरित्र बाप्तिस्म्यानंतर ३४ वर्षांनी प्रसिद्ध झालंय. नावच 'अरुणोदय', त्यामुळे आधीचा काळ रात्र ठरणारच. या मांडणीत लपवणं आणि फसवणं एक होऊन जातं. परमहंसवाल्यांनी फसवलं कोणाला? जातीतून बहिष्कृत करण्याची ताकद ज्यांच्या हातात होती त्यांना. निर्गमात शिप्रा आणि पुवा या सुइणी फारोशी खोटं बोलतात आणि तरी देव त्यांचं भलं करतो. ऑगस्टिनने कुठलंही खोटं मान्य केलं नाही, हे खरं. पण म्हणजे हा वाद ख्रिस्ती परंपरेच्या आतलाच आहे. तो 'अरुणोदया'च्या वाचनात आणला नाही, तर आपण लेखकाचा निष्कर्षच आपला म्हणून लिहून मोकळे होतो. माझ्या मते तरुणपणची कादंबरी इथे उतारवयातल्या आत्मचरित्रापेक्षा जास्त न्यायी आहे.

हा फरक पुण्यातल्याच एका प्रकरणावर तपासून पाहू. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. इथे धर्मप्रचार होणार नाही, असा विश्वास समाजाला दिला होता. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा 'केसरी'ने विश्वासघाताचा आरोप केला. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कोणावर सक्ती केली नाही, माझ्या खोलीचं दार उघडं असतं. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

इथे लपवणं नव्हतं, दार उघडंच होतं. मग फसवणूक होती का? दिलेल्या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा लावला होता. सक्ती न करणं म्हणजे तटस्थता, असं एका बाजूला वाटत होतं, आणि प्रभावही पडू न देणं म्हणजे तटस्थता, असं दुसरीला. माझं मत असं : रमाबाईंना खोटारडं ठरवता येत नाही, पण आश्रित मुलींच्या बाबतीत 'दार उघडं होतं' हे उत्तर पुरेसंही नाही. जिच्या आधारावर जगायचं, तिच्या प्रार्थनेचं ओझं मुलींवर पडणारच. ख्रिस्ती नजरेतून हे दुसऱ्यांचं खोटं मोजता येतं, तसं स्वतःच्या माणसांचं वागणंही मोजावं लागतं. आणि पुन्हा किंमत कोणी मोजली? संपादकांनी नाही, सल्लागारांनी नाही. शिक्षण अर्ध्यावर सोडून परत गेलेल्या मुलींनी.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना 'फसवणुकीचे परिणाम' असा ढोबळ मथळा देऊ नका. आधी तीन प्रश्न कागदावर उतरवा. विश्वास कोणाचा मोडला? किंमत कोणी मोजली? आणि भरपाई कोणी केली? तिसरा प्रश्न ख्रिस्ती विचारातला सगळ्यात कडक आहे. जकातदार जक्कय पश्चात्तापाचे शब्द बोलून थांबत नाही, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन म्हणतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात पश्चात्तापावर भरपूर लिहिलं गेलंय. त्यात भरपाई कुठे कुठे येते, हे शोधणं हा एका प्रबंधाचा विषय होऊ शकतो. सुरुवात करायची तर 'यमुनापर्यटन'पासून करा, आणि या वेळी बाजूच्या विधवांच्या कथा गाळू नका.