मठाचे स्वयंपाकघर आणि आमची कचेरी

श्रद्धा केवळ चर्चपुरती ठेवू नका, ती कामाच्या ठिकाणी न्या, हा उपदेश आपल्या धर्मग्रामांतील प्रवचनांतून वारंवार ऐकू येतो. उपदेश यथार्थच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांच्यातील फारकत ही या युगातील गंभीर प्रमादांपैकी एक मानलेली आहे. परंतु या उपदेशाची दुसरी बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. श्रद्धेने कामाला काही द्यावे हे खरे. पण काम श्रद्धेला काही शिकवू शकते काय?

प्रभू येशूला हा प्रश्न परका नव्हता. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. नोकरी जाणार हे दिसताच तो धन्याच्या ऋणकोंना बोलावतो. तेलाच्या शंभर मापांची पन्नास आणि गव्हाच्या शंभर मापांची ऐंशी करून घेतो. धनी त्याच्या अप्रामाणिकपणाची नव्हे, तर पुढचे पाहण्याच्या शहाणपणाची वाखाणणी करतो. कचेरीतल्या एका लबाड माणसाकडूनही स्वर्गराज्याच्या वारसांनी काही शिकावे, असे सुचवण्यास प्रभू कचरला नाही. मात्र काय उचलायचे आणि काय टाकायचे, हा विवेक त्याने ऐकणाऱ्यावर सोपवला. हाच विवेक मनाशी धरून आम्ही एका जुन्या, छोटेखानी पुस्तकाकडे वळत आहोत.

ज्याच्या नावाचे मराठी 'ईश्वरसान्निध्याची साधना' असे करता येईल, ते हे पुस्तक ब्रदर लॉरेन्स यांच्या नावाने जगभर वाचले जाते. वस्तुतः त्यांनी पुस्तक असे लिहिलेच नाही. आबे जोझेफ द बोफोर या धर्मगुरूंनी त्यांच्याशी झालेली चार संभाषणे टिपून ठेवली. त्यांतील पहिले ३ ऑगस्ट १६६६ रोजी झाले. लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर, १६९२ आणि १६९४ साली, त्यांची पत्रे, बोधवचने आणि ही संभाषणे बोफोर यांनी छापून काढली.

लॉरेन्स यांचे मूळ नाव निकोला एर्मां. १६१४ च्या सुमारास फ्रान्सलगतच्या लॉरेन प्रांतात एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्यांच्या दृष्टीस पडले; काही काळाने याच झाडाला पाने, फुले आणि फळे येतील, या विचाराने देवाच्या सामर्थ्याची जी ओळख त्यांच्या मनावर उमटली ती कधीच पुसली गेली नाही. तीस वर्षांच्या युद्धात ते सैनिक होते. तेथे जखमी झाल्याने पाय कायमचा अधू झाला. पुढे एका बड्या खजिनदाराकडे ते नोकर म्हणून राहिले. आपण धसमुसळे होतो, हाताला येईल ते फोडत होतो, असे तेच सांगतात. १६४० साली पॅरिसमधील अनवाणी कार्मेलाईट मठात त्यांनी प्रवेश केला आणि पुनरुत्थानाचे लॉरेन्स हे नाव घेतले. वाट्याला आले ते स्वयंपाकघर, आणि त्या कामाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. तेथे त्यांनी सुमारे पंधरा वर्षे काढली. नंतर ते मठवासीयांची पायताणे दुरुस्त करू लागले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या कार्मेल सुधारणेचे ते अनुयायी होते, तिच्या प्रवर्तक आविलाच्या संत तेरेसा यांनी देव भांड्याकुंड्यांतही वावरतो, असे आपल्या भगिनींना बजावले होते. लॉरेन्स यांनी हे वचन अक्षरशः जगून दाखवले. त्यांच्या शिकवणुकीत गूढ असे काही नाही. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ असा भेद त्यांनी उरू दिला नाही. तव्यावरचे आम्लेट उलटणे असो वा जमिनीवर पडलेली काडी उचलणे असो, ते देवाच्या प्रीतीखातर करता येते, असे त्यांना अनुभवाने कळले. मठासाठी द्राक्षारस खरेदी करण्यास त्यांना बर्गंडीला धाडण्यात आले. व्यवहारात गती नाही आणि पाय अधू. नावेत तर पिंपांवरून घसरत, लोळत सरकावे लागे. हे काम तुझेच आहे, असे देवाला सांगून ते निघाले आणि ते नीट पार पडले.

या पुस्तकाचे खरे मोल या साध्या प्रसंगांत आहे, असे आम्हांला वाटते. पुष्कळ आध्यात्मिक ग्रंथ कामाकडे विक्षेप म्हणून पाहतात. काम संपले की साधना सुरू, अशी त्यांची मांडणी असते. येथे काम हेच साधनेचे गुरू ठरते. स्वयंपाकघर रोज उठून तेच मागते. कालची भाकरी आजची भूक भागवीत नाही. लॉरेन्स यांनी देवाकडे वारंवार वळण्याची सवय लावून घेतली ती याच रीतीने. ती लागेपर्यंत दहा वर्षे आपल्याला फार सोसावे लागले, हेही त्यांनी लपवलेले नाही. चूक झाली की ती निखळपणे कबूल करायची आणि खंत उराशी न बाळगता पुन्हा कामाला लागायचे, हा त्यांचा क्रम होता. पहाटे केळीच्या वाडीत शिंपणे करणाऱ्या, भाजीची टोपली घेऊन पहिल्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या आमच्या वसईच्या वाडवडिलांना हे वेगळे शिकवावे लागले नसते.

गुणांची नोंद केल्यावर उणिवांकडेही पाहिले पाहिजे. लॉरेन्स आपल्याला भेटतात ते बहुतांशी बोफोर यांच्या लेखणीतून. धर्मगुरूला आत्म्याच्या अवस्थेत रस होता, चुलीत नव्हता. म्हणून त्या स्वयंपाकघरात काय शिजे, मदतीला कोण असे, कोणाशी कधी खटका उडे, यांविषयी पुस्तक जवळजवळ मुके आहे. भांडी दिसतात, माणसे दिसत नाहीत. ही केवळ वाङ्मयीन उणीव असती तर आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केले असते. पण तिची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे.

आम्ही एका कारखान्याच्या हिशेब-विभागात नोकरीस होतो. हे पुस्तक त्या काळात आमच्या पिशवीत असे आणि विरार-चर्चगेट गाडीच्या गर्दीतही त्यातील साधना करण्याचा आमचा प्रयत्न असे. कंत्राटदाराच्या कामगारांना पगार वाटताना, त्या काळी लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार, मुख्य मालकाच्या प्रतिनिधीने हजर राहून तशी सही करावयाची असे. ती सही आमची असे. पगारपत्रकावर एक रक्कम आणि कामगाराच्या हातात त्याहून कमी, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. तरीही काही महिने आम्ही सही केली. लज्जेची गोष्ट ही की, सही करताना आमचे मन शांत होते. देव जवळ आहे, काम त्याच्यासाठी करावयाचे आहे, असे आम्ही मनाशी म्हणत होतो. सान्निध्याच्या साधनेने आम्हांला अन्यायाच्या शेजारी स्वस्थ बसावयास शिकवले होते.

दोष पुस्तकाचा की आमचा? बव्हंशी आमचाच. लॉरेन्स यांच्या मठात कोणी कोणाच्या मजुरीला कात्री लावीत नव्हते. जो प्रश्न त्यांच्यापुढे आला नाही त्याचे उत्तर त्यांच्याकडे मागणे अन्यायाचे होईल. पण मठातील पुस्तक कचेरीत नेणाऱ्याने सोबत दुसरे पुस्तकही नेले पाहिजे, हे आम्ही त्या अनुभवातून शिकलो. ते दुसरे पुस्तक म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानवी श्रमाविषयीचे परिपत्र. ते १४ सप्टेंबर १९८१ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकाने तरुणपणी, जर्मन ताब्यातील क्राकूवमध्ये, दगडाच्या खाणीत आणि रासायनिक कारखान्यात अंगमेहनत केली होती. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र. श्रमाची आध्यात्मिकता तेथेही आहे, पण ती शेवटच्या प्रकरणात येते. त्याआधी न्याय्य वेतन आणि कामगारांचे हक्क यांचा विचार येतो. हा क्रम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो.

आम्हांला अखेर जाग आली ती मात्र ना मठातील पुस्तकाने ना परिपत्राने, तर आमच्याच धंद्यातील एका नियमाने. खतावणीत चुकलेली नोंद खोडावयाची नसते, खरडून काढावयाची तर नसतेच. ती दिसत राहिली पाहिजे, आणि तिच्या दुरुस्तीची स्वतंत्र नोंद तारखेनिशी झाली पाहिजे. एका नव्या कारकुनाला हे समजावून सांगत असताना आमचाच आवाज आमच्या कानांवर पडला. पापनिवेदनाला आम्ही दरमहा जात होतो. पण तेथे आम्ही खोडरबर शोधत होतो, दुरुस्तीची नोंद नव्हे. जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा तो नुसता हर्षित झाला नाही. ज्यांना नाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने वचन दिले. क्षमा आणि भरपाई यांची सांगड ख्रिस्तसभेने नेहमीच घातली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही सही नाकारली. आमची बदली मालाच्या पावत्या फाडण्याच्या मेजावर झाली, आणि ते काम आम्हांला मुळीच आवडत नसे. तेथे मात्र लॉरेन्स आमच्या खरेच उपयोगी पडले. ज्या महिन्यांत आम्ही सही केली होती त्यांतील कामगार पांगून गेले होते; ती भरपाई अपुरीच राहिली आहे आणि आमच्या वहीत ती तशीच येणे दिसते, त्यांचे येणे.

अलीकडे व्यवस्थापनाचे धडे श्रद्धाजीवनाला लावणारी पुस्तके आणि शिबिरे पुष्कळ निघतात. उद्दिष्टे ठरवा, वेळेचे नियोजन करा, प्रगती मोजा, असा त्यांचा सूर असतो. त्यांतील शिस्त घेण्याजोगी आहे. मोजमाप मात्र टाकण्याजोगे आहे. कारखाना उत्पादनावरून माणूस जोखतो. लॉरेन्स यांच्या आयुष्याला तो निकष लावला तर हाती काय उरते? काही हजार जेवणे आणि दुरुस्त केलेली पायताणे. तरीही तीनशेहून अधिक वर्षे माणसे त्यांच्याकडे येत राहिली आहेत, आणि ती केवळ आपल्याच पंथाची नाहीत. जॉन वेस्ली यांनीही आपल्या ग्रंथमालेत त्यांना स्थान दिले.

म्हणून आमची शिफारस अशी : हे पुस्तक घराघरांत जरूर वाचावे. चुलीपाशी, शेतात, दुकानात, गाडीत वाचावे. फक्त वाचताना आपल्या शेजारी काम करणारा माणूस कोण आहे आणि त्याच्या हातात काय पडते, हे एकदा मान वर करून पाहावे. लॉरेन्स यांच्या पुस्तकात जी जागा रिकामी राहिली आहे, ती भरण्याचे काम प्रापंचिकांचे आहे.